हिवाळ्यात पक्षी बघायला जाताय? आधी पाणी बघा

धरण काठोकाठ भरलेलं असताना तिथे फारसं काही दिसत नाही, हे मला कळायला दोन हिवाळे गेले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी खोल असतं, चिखलात चोच खुपसणाऱ्या तुतवारांना उभं राहायलाच जागा नसते. पुढे पाणी उतरत जातं, ओला चिखल उघडा पडतो आणि मग खरी गर्दी होते. उजनीचं भिगवण घ्या नाहीतर नांदूर मध्यमेश्वर (राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० मध्ये जाहीर झालं ते), दोन्हीकडे खरी करामत उथळ पाण्याची आणि गाळाची. म्हणून मॅपवर धरणाची भिंत शोधत बसू नका, नदी जिथे जलाशयात शिरते ते टोक शोधा.

सकाळी जाणार असाल तर पूर्वेचा काठ धरा, सूर्य पाठीशी पाहिजे. मी एकदा समोरच्या काठावर रस्ता चांगला म्हणून तिकडे गेलो आणि तीन तास नुसत्या काळ्या सावल्या बघून परत आलो, शंभरेक फोटो डिलीट. धुकं असेल तर घाई करू नका, ते विरेपर्यंत काठावरचे धोबी बघा, शेपटी वरखाली करत अगदी पायाजवळ येतात.

दुर्बीण ८ बाय ४२ ची पुरे. म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची. जास्त पॉवरची घेतली की हात जरा हलला तरी सगळं थरथरतं, नवीन माणूस वैतागून जातो.

आता बदकं. सुरुवातीला रंग सोडून द्या, माद्या सगळ्या मातकटच दिसतात आणि सीझनच्या सुरुवातीला बरेचसे नरही तसेच. त्याऐवजी खातात कसं ते बघा. डोकं पाण्यात आणि शेपूट आभाळाकडे असं उलटं झालेलं दिसलं तर ते तलवार बदक वगैरे मंडळींपैकी, आणि पूर्ण बुडी मारून भलतीकडेच वर आलं तर शेंडी बदक किंवा त्याचे भाऊबंद. थापट्या तर लांबूनही चुकत नाही, चोच फावड्यासारखी रुंद, ती पाण्यावर टेकवून चाळत चाळत जातो. कधीकधी दहा-वीस थापटे एकामागे एक गोल फिरत असतात, प्रत्येकाची चोच पुढच्याने ढवळलेल्या पाण्यात! हे दिसलं तर तिथेच बसा, बाकीची लिस्ट राहू दे.

आणि काळा, कपाळावर पांढरा गंध लावल्यासारखा दिसतो तो वारकरी, बदक नाहीच तो. त्याच्या पायाला बदकासारखा पडदा नसतो, प्रत्येक बोटाला वेगळ्या पाळ्या असतात. नवीन लोक हमखास त्याला बदकांत मोजतात, मीही मोजलेत.

मोठा थवा मोजायचा तर आधी दहा पक्षी मोजा, तेवढ्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात धरा आणि ते माप पूर्ण थव्यावर सरकवत न्या.

काठाशी हळू चला आणि होडीवाल्याला थव्यात होडी घालायला अजिबात सांगू नका, फोटोसाठी तर नाहीच. आपण काही न करता सगळा थवा एकदम उठला, तर बदकांकडे नाही, त्यांच्या वर बघा. पंख उंच धरून पाणगवतावरून कमी उंचीने तरंगत येणारा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी बहुतेक तिथेच असतो, आणि खाली वारकरी एकमेकांना चिकटून घट्ट गोळा झालेले असतात.