सार्वजनिक इमारतीचं डिझाइन : स्टुडिओत वारंवार होणाऱ्या या चुका टाळा

घर, दुकान, छोटं पॅव्हेलियन असे विषय हाताळून झाले की वास्तुकलेच्या विद्यार्थ्यासमोर वाचनालय, कम्युनिटी सेंटर, आरोग्य केंद्र, टाऊन हॉल असे प्रकल्प येतात. इथे भलेभले अडखळतात. घराला मालक असतो, त्याच्या सवयी विचारता येतात. सार्वजनिक इमारतीत नेमकं कोण येणार हे ठरलेलं नसतं, म्हणून शीटवर ‘युजर : सर्व वयोगटांतील नागरिक’ अशी ओळ लिहिली जाते आणि काम पुढे सरकतं. माझ्या मते पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ या एका ओळीत असतं. कोण, किती वाजता, कुठून येणार हे ठरलेलं नसेल, तर प्लॅनमधल्या कुठल्याच निर्णयाला आधार उरत नाही.

‘सर्व नागरिक’ हा युजर धरणं

एक साधा तक्ता करा. उभ्या रकान्यात माणसं : कुलूप उघडणारा कर्मचारी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी, व्हीलचेअरवरचे आजोबा, बाळाला घेऊन आलेली आई, संध्याकाळच्या सभेला येणारे दीडशे लोक, सामान घेऊन येणारा टेम्पोवाला. आडव्या ओळीत सकाळी सहा ते रात्री दहा. कोण कधी आत आहे ते रंगवा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण प्लॅनमधला सर्वांत मोठा दोष इथेच उघडा पडतो.

समजा, तुमच्या इमारतीत वाचनालय, सभागृह आणि छोटा दवाखाना आहे. तक्ता सांगतो की संध्याकाळी सातनंतर वाचनालय बंद आणि सभागृह भरलेलं. आता प्लॅन बघा. टॉयलेट वाचनालयाच्या दाराच्या आत आहेत का? सभागृहाकडे जाणारा जिना वाचनालयातून वर चढतो का? असेल तर सभेसाठी रोज रात्री वाचनालय उघडं ठेवावं लागेल, किंवा लोकांना टॉयलेटच मिळणार नाही. उपाय असा : टॉयलेट, पिण्याचं पाणी, जिना आणि लिफ्ट समोरच्या सामायिक लॉबीत आणा, आणि प्रत्येक विभागाला लॉबीतून स्वतंत्र कुलूप लागेल असं दार द्या. त्यानंतर प्लॅनवर कुलपांच्या रेषा लाल पेनाने काढून बघा. एकही रेषा दुसऱ्या विभागातून जात नसेल तर झोनिंग जमलं.

वास्तुविशारद लीना बो बार्दी यांचं ब्राझीलच्या साओ पावलोमधलं सेस्क पोंपेया हे सांस्कृतिक आणि क्रीडा केंद्र यासाठी जरूर अभ्यासा. जागेवर पिंपं बनवणारा जुना कारखाना होता. सुट्टीच्या दिवशी त्या शेडमध्ये आसपासची कुटुंबं येतात, मुलं खेळतात, हे त्यांनी पाहिलं आणि शेड पाडण्याऐवजी तोच वापर पुढे चालू राहील असं डिझाइन केलं. १९८२ मध्ये त्याचा पहिला टप्पा खुला झाला. तिथला ब्रीफ, म्हणजे इमारतीत काय काय हवं याची यादी, कागदावरून आलेला नव्हता, तिथे आधीपासून येणाऱ्या माणसांकडून आला होता.

आकाराला कॉन्सेप्ट समजणं

वाचनालय आहे म्हणून उघडलेल्या पुस्तकाचा आकार, कम्युनिटी सेंटर आहे म्हणून एकमेकांत गुंफलेले हात. असा आकार फक्त हेलिकॉप्टरमधून दिसतो. आत उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या नशिबी आलेले तिरके कोपरेच भेटतात. एक चाचणी करा : कॉन्सेप्टचं नाव शीटवरून खोडा. प्लॅनमधली एकही भिंत हलवावीशी वाटली नाही, तर ते नाव वरून चिकटवलेलं होतं.

लुई कान यांचं अमेरिकेतल्या एक्सेटरमधलं ग्रंथालय (१९७२) बघा. त्यातली कल्पना एका वाक्यात मावते : पुस्तकं आत सावलीत, वाचक बाहेरच्या कडेला उजेडात. म्हणून मधल्या पट्ट्यात कपाटं आणि बाहेरच्या भिंतीला खिडकीपाशी एकेका माणसाचं लाकडी डेस्क. सिएटलचं मध्यवर्ती ग्रंथालय (२००४) वेगळ्या अडचणीपासून सुरू होतं. संग्रह वाढला की विषय मजल्यांमध्ये तुटतात, म्हणून पुस्तकांची मांडणी एका सलग उतारावरून फिरत वर जाते. दोन्हीकडे कल्पना आकाराची नाही, माणूस आणि पुस्तक यांच्यातल्या नात्याची आहे. तुमच्या कॉन्सेप्टच्या वाक्यात क्रियापद असलं पाहिजे. कोण काय करतो हे त्यात आलं की प्लॅन आपोआप बोलू लागतो.

साइट अॅनालिसिसचं शीट वेगळं, डिझाइन वेगळं

सूर्याचा मार्ग, वाऱ्याचे बाण, रस्त्याचा गोंगाट, झाडं, सगळं सुंदर रंगवलेलं असतं. पुढच्या शीटवर वाचन कक्ष पश्चिमेला आणि मोठी काच त्याच बाजूला. साइटच्या शीटवरच्या प्रत्येक बाणासमोर ‘म्हणून’ लिहून वाक्य पूर्ण करा. पूर्ण होत नसेल तो बाण काढून टाका.

एरिया का बसत नाही?

ही तक्रार स्टुडिओत सतत ऐकू येते. ब्रीफमधल्या खोल्यांची बेरीज १००० चौ.मी. आली की इमारतही तेवढीच धरली जाते. भिंती, पॅसेज, जिने, डक्ट, टॉयलेट यांना जागा लागते. सार्वजनिक इमारतीत खोल्यांच्या बेरजेवर साधारण ३० ते ४० टक्के आणखी धरून चालावं. शेवटी पॅसेज खूपच जास्त निघाले, तर बहुधा दोन समांतर पॅसेज एकच काम करत असतात किंवा पॅसेजच्या एकाच बाजूला खोल्या असतात. आणि पॅसेज खूपच कमी निघाले तर एका खोलीतून दुसरीत जावं लागतंय का, ते तपासा.

सभागृह : जिथे सगळ्यात जास्त चुका होतात

‘मल्टिपर्पज हॉल’ लिहून एक मोठा आयत काढला की काम संपत नाही. २०० माणसांचा हॉल घेऊन बघू.

आधी आकार. ओळीत खुर्च्या मांडल्या तर माणशी ०.६५ चौ.मी. हा आकडा गर्दीचा आणि बाहेर पडण्याच्या हिशेबाचा आहे. आरामात बसायला, मधल्या वाटांसकट, माणशी ०.९ ते १ चौ.मी. धरा. मंच धरून २० × १२ मीटर म्हणजे २४० चौ.मी. ठीक बसतं.

मग खुर्च्या. हॉलमध्ये सकाळी योगवर्ग असेल तर त्या २०० खुर्च्या कुठे जाणार? दहा-दहाच्या थप्प्या केल्या तरी वीस थप्प्या होतात, आणि त्या ढकलत न्यायला वाट लागते. हॉलला थेट लागून, रुंद दाराची १५-२० चौ.मी.ची स्टोअर नसेल तर तुमचा मल्टिपर्पज हॉल पहिल्याच महिन्यात खुर्च्यांचं गोदाम होतो. ही खोली जवळजवळ कुणीच काढत नाही.

मग दारं. १९०३ मध्ये शिकागोच्या इरोक्वॉइस थिएटरला आग लागली आणि ६०२ माणसं गेली. १९४२ मध्ये बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबच्या आगीत ४९२. दोन्हीकडे आत उघडणारी, बंद केलेली किंवा गर्दीत अडकणारी दारं हे मृत्यूंचं मोठं कारण होतं. आत उघडणाऱ्या दारावर घाबरलेली गर्दी रेटली की ते कुणालाच उघडता येत नाही. म्हणून सभागृहाची दारं बाहेर उघडतात, ती किमान दोन असतात आणि एकमेकांपासून लांब असतात. प्लॅनमध्ये दार कुठे उघडतं हे दाखवणारा चाप (कमान) कुठल्या बाजूला काढलाय हा ड्राफ्टिंगचा तपशील मानू नका.

आणि आवाज. हा भाग विद्यार्थी सरळ सोडून देतात, म्हणून इथे थोडं थांबतो. १८९५ च्या सुमारास हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यांना असंच एक काम मिळालं : नवं व्याख्यानगृह, पण बोललेलं कळत नव्हतं. त्यांनी शेजारच्या थिएटरमधल्या गाद्या आणून, त्या कमी-जास्त करून आवाज किती वेळ घुमतो ते मोजलं. त्यातून निघालेला हिशेब आजही चालतो : खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण. आपला हॉल ५ मीटर उंच धरा. घनफळ १२०० घनमीटर. जमीन, छत आणि भिंती मिळून ८०० चौ.मी. सगळीकडे प्लास्टर आणि फरशी असेल तर शोषण जेमतेम ३ टक्के, म्हणजे २४. रिकाम्या हॉलमध्ये आवाज आठ सेकंद घुमेल. २०० माणसं बसली की माणशी साधारण ०.४५ ने ९० ची भर पडते आणि वेळ १.७ सेकंदांवर येतो. भाषण नीट कळायला तो एका सेकंदाच्या आसपास हवा. छताच्या १०० चौ.मी. भागात चांगलं शोषक पॅनेल लावलं की तिथवर पोचतो. हॉल अर्धा रिकामा असला तरी आवाज कळावा म्हणून मंचासमोरच्या मागच्या भिंतीलाही थोडं शोषण द्या. दहा ओळींचा हिशेब आहे, सेक्शनच्या (इमारत उभी कापून दाखवणाऱ्या ड्रॉइंगच्या) कोपऱ्यात लिहा. मागे बसलेल्या, ऐकू कमी येणाऱ्या माणसासाठी संपूर्ण इमारत याच आकड्यावर उभी किंवा आडवी होते.

रॅम्प मागच्या दाराला

प्लिंथ (जमिनीपासून तळमजल्याची उंची) ९०० मिमी, समोर भव्य पायऱ्या, आणि रॅम्प शेवटच्या आठवड्यात आठवतो. १:१२ उताराने ९०० मिमी चढायला १०.८ मीटर लांबी, शिवाय सुरुवातीला, शेवटी आणि मध्ये किमान दीड-दीड मीटरचे सपाट टप्पे. एवढी जागा समोर उरलेली नसते, म्हणून रॅम्प कचराकुंडीच्या बाजूला जातो. मुळात ९०० मिमी कशाला? पुराचा किंवा पाणी साचण्याचा धोका नसेल तर ४५० पुरेसे असतात. त्यात १:२० च्या उताराने ९ मीटरची वाट केली की तिला रॅम्प म्हणावंच लागत नाही, ती सगळ्यांचीच वाट होते. सार्वजनिक इमारतीला मुख्य दार एकच असावं आणि ते प्रत्येकाला चालावं, याबद्दल मी तडजोड करणार नाही. आत गेल्यावरही व्हीलचेअर वळायला १.५ मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं. ते वर्तुळ कागदातून कापा आणि लॉबी, टॉयलेट, लिफ्टसमोर ठेवून बघा.

प्लॅन आधी, सेक्शन शेवटी

हॉल तळमजल्यावर, त्यावर दोन मजले, आणि वरचे कॉलम बरोबर हॉलच्या मधोमध उतरतात. हा घोळ सेक्शन काढला असता तर पहिल्याच आठवड्यात दिसला असता. काँक्रीटच्या बीमची खोली ढोबळमानाने गाळ्याच्या, म्हणजे दोन कॉलममधल्या अंतराच्या, बाराव्या भागाइतकी धरतात. १२ मीटरला सुमारे १ मीटर. मजल्याची उंची ३.६ मीटर ठेवली असेल तर बीमखाली २.६ मीटर उरते, म्हणजे २०० माणसांच्या डोक्यावर घराच्या खोलीपेक्षाही कमी उंची. हॉल सगळ्यात वर न्या, किंवा बाजूला काढून त्यावर हलकं ट्रसचं छप्पर द्या. वाचनालयात उलटी काळजी घ्यावी लागते. पुस्तकांच्या कपाटांचा भार वाचन कक्षाच्या दुपटीहून अधिक धरतात, तेव्हा लांब कॅंटिलिव्हरच्या (खाली आधार नसलेल्या, बाहेर काढलेल्या भागाच्या) टोकावर ग्रंथसाठा ठेवू नका.

फ्रान्सिस केरे यांची बुर्किना फासोमधल्या गांदो गावातली प्राथमिक शाळा (२००१) प्लॅनमध्ये तीन आयताकृती वर्ग आहेत, बस. सगळं डिझाइन सेक्शनमध्ये आहे : मातीच्या विटांचं झरोके असलेलं आतलं छत, त्यावर हलक्या सळयांच्या ट्रसवर उचललेला पत्रा, आणि मधल्या फटीतून निघून जाणारी गरम हवा. तुमचा सेक्शन काढून घेतला तर प्रकल्पाचं काही नुकसान होतं का, हा प्रश्न विचारा.

उन्हातलं अॅम्फिथिएटर

हिरव्या लॉनमध्ये अर्धगोल पायऱ्या जवळपास प्रत्येक प्रकल्पात असतात. दुपारी तिथे कोण बसणार? मोकळ्या जागेला जीव येतो तो कडेने : सावली, बसायची उंची असलेला कट्टा, शेजारी उघडणारं कॅंटीन, वरून दिसणारी खिडकी. पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमध्ये (१९७७) पियानो आणि रॉजर्स यांनी जवळजवळ अर्धा प्लॉट मोकळा सोडला. तो चौक चालतो, कारण एका बाजूला अख्ख्या दर्शनी भागावरून वर जाणारा सरकता जिना आहे आणि खालचा माणूस वरच्याला बघू शकतो.

टॉयलेटबद्दल एवढंच : स्त्री-पुरुषांना सारखं क्षेत्रफळ दिलं की रांग स्त्रियांचीच लागते, कारण तेवढ्याच जागेत युरिनल जास्त बसतात. जागा नव्हे, सीट मोजा आणि स्त्रियांना जास्त द्या.

ज्युरीला (परीक्षकांसमोरच्या सादरीकरणाला) आठवडाच उरला असेल तर

रेंडर (संगणकावरची रंगीत चित्रं) थांबवा. सर्वांत आधी कुलपांच्या लाल रेषा आणि बाहेर पडायच्या वाटा दुरुस्त करा, कारण त्यांनी प्लॅन हलतो. मग हॉल आणि जिना दोन्ही कापणारा एक सेक्शन १:१०० मध्ये, माणसांसकट. त्यानंतर प्रवेशापासून हॉलमधल्या खुर्चीपर्यंत व्हीलचेअरची वाट एका सलग रेषेत. नॉर्थ, स्केल, लेव्हल राहिले असतील तर एका संध्याकाळी उरकतात. एक व्ह्यू करायचाच असेल तर आकाशातून नको, लॉबीत उभं राहून डोळ्यांच्या उंचीवरून, संध्याकाळी सातचा करा, वाचनालय बंद असताना आणि हॉल भरत असताना.