जुन्या ४०७ला घरच्या घरी कलर: स्वस्तातला कुठला घ्यायचा आणि कसा मारायचा

आमची टाटा ४०७ आहे २००९ची, आठवड्यातले पाच दिवस भाजी नाहीतर गूळ घेऊन मार्केटला जाते. दोन वर्षांपूर्वी केबिनचा कलर पार उडाला होता, काचेच्या रबराखालून गंज बाहेर यायला लागला होता आणि फाळक्याचे तर पोपडेच निघत होते. गॅरेजवाल्यानी सांगितलेला आकडा ऐकून दादा म्हणाले की एवढ्यात दोन टायर येतात, मग आम्ही दोघांनी ते घरीच केलं. त्यात जे कळलं ते लिहितोय, कारण बरेच जण पहिल्यांदा चुकीचा कलर उचलतात आणि वर्षभरात सगळं परत खरवडत बसतात.

आधी कुठला कलर ते ठरवा. दुकानात गेलात की चार गोष्टी समोर येतात.

पहिला पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे कडक करणारं हार्डनर घालून मारायचा. चकाकी एक नंबर आणि टिकतो पण सगळ्यात जास्त. पण याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, स्प्रे मारताना ते धुक्यासारखं छातीत जातं आणि त्यानी कायमचा दमा लागू शकतो. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, साधा कापडी मास्कपण चालत नाही. घराच्या अंगणात, जिथं पोरं खेळतात तिथं पीयू उडवू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतोय. पीयूच हवा असेल तर बंदिस्त स्प्रे बूथ असलेल्या गॅरेजला द्या आणि पैसे मोजा.

दुसरा एनसी (नायट्रोसेल्युलोज), झटपट वाळणारा. याला कॉम्प्रेसर लागतो, थिनर भरपूर लागतो, नंतर घासून पॉलिश केल्याशिवाय चमक येत नाही, आणि खाली जुना इनॅमल (पुढं येणारा चौथा प्रकार) असेल तर एनसीचा थिनर तो उचलतो, सगळ्या पत्र्यावर सुरकुत्या पडतात. तिसरे स्प्रे कॅन, ते आरशाची पाठ नाहीतर बंपरचा कोपरा यासाठी ठीक. एका कॅनमध्ये जेमतेम एक दार नीट होतं, म्हणजे नुसत्या केबिनला दहा-बारा कॅन जातील, तेवढ्या पैशात इनॅमलनी अख्खी गाडी होते.

आणि चौथा साधा सिंथेटिक इनॅमल, जो आपण खिडकीच्या ग्रिलला लावतो तोच. माझं मत सरळ आहे, रोज माल वाहणाऱ्या जुन्या गाडीला हाच लावा. चकाकीत तो पीयूच्या मागं आहे, दोन-तीन वर्षात उन्हानं फिका पडतो हे मान्य. पण क्रेट घासून ओरखडा पडला की रविवारी सकाळी तुम्ही स्वतः तेवढाच भाग घासून ब्रश मारू शकता, कुणाकडे जायला नको. पत्रा उघडा राहिला नाही की गंज धरत नाही, आणि जुन्या गाडीत खरी लढाई गंजाशी असते.

आता जुना कलर कुठल्या जातीचा आहे ते बघा, यासाठी एक सोपी टेस्ट आहे. चिंधीवर थोडा एनसी थिनर घ्या आणि दाराच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी मिनिटभर घासा. कलर भसाभसा चिंधीवर आला तर एनसी, सुरकुत्या आल्या तर इनॅमल, काहीच नाही झालं तर कंपनीचा भट्टीतला नाहीतर पीयू. इनॅमल या तिन्हींवर बसतो, फक्त खालचा थर घट्ट पाहिजे आणि घासलेला पाहिजे.

मुहूर्ताचं बोलायचं तर आपल्याकडे बहुतेक जण दसऱ्याच्या पूजेच्या आत गाडी नवी दिसावी म्हणून घाई करतात. परतीचा पाऊस चालू असतो, हवा दमट, पत्र्याला ओल, आणि तो ओलावा कलरखाली कोंडला की पुढच्या उन्हाळ्यात फुगे येतात. पूजा धुतलेल्या गाडीची करा आणि कलरचं काम दिवाळीनंतर काढा. दिवाळी ते होळी हा सगळ्यात चांगला काळ. दव सुकल्यावर सुरू करायचं आणि दुपारी दोन-तीनला हात थांबवायचे. आम्ही डिसेंबरमध्ये डावं दार संध्याकाळी पाच वाजता मारलं, रात्री दव पडलं आणि सकाळी बघतो तर सगळं दार राख फासल्यासारखं पांढुरकं. चार दिवस वाळू दिलं, ३२० नंबरच्या वॉटर पेपरनी (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) घासलं आणि परत मारलं, म्हणजे एका दारासाठी अख्खा आठवडा गेला.

खरं काम घासण्यात आहे. कामाचे तीन हिस्से धरले तर दोन हिस्से घासायचे आणि एक कलरचा. आधी डिझेल-ग्रीसचे डाग साबणाच्या पाण्यानं आणि मग टर्पेंटाइननं पुसा, नाहीतर घासताना तेच तेल सगळीकडे पसरतं आणि तिथं कलर माशाच्या डोळ्यासारखा फाटतो. गंजलेल्या जागी वायर ब्रश नाहीतर ग्राइंडरला वायर कप लावून चमकता पत्रा दिसेपर्यंत काढा, डोळ्यावर चष्मा घालूनच, कारण त्या कपाच्या तारा सुटून उडतात. बाकी कलर घट्ट असेल तर खरवडायची गरज नाही, २२०नी आणि मग ३२०नी घासून नुसती चमक घालवा. जुन्या कलरमध्ये शिसं असू शकतं, म्हणून ते पाणी लावून घासा, धूळ उडत नाही.

काचेच्या रबराची कड उचलून आत बघाच, तिथं पाणी थांबतं आणि पत्रा आतून सडतो. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, काचेतून आत गेलेलं पाणी निघायला, ती काडी घालून मोकळी करा आणि चुकूनही पुट्टीनं बुजवू नका. आमच्या उजव्या दाराची भोकं आधी कुणीतरी बुजवलेली होती, काडी घातली तर तपकिरी पाणी बाहेर आलं, साधारण पेलाभर.

पत्रा उघडा पडला की त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर मारा, दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलात तर त्याच्यावर परत बारीक गंज चढतो. आणि एक लक्षात ठेवा, रेड ऑक्साइड पाणी अडवत नाही. लोक प्रायमर मारून महिना-महिना गाडी फिरवतात, त्यातून पाणी आत जातं आणि खालून गंज चालूच राहतो. प्रायमर वाळला की आठवड्याच्या आत वरचा कलर चढलाच पाहिजे. पोचे भरायला हार्डनरवाली पुट्टी घ्या, पातळ थर द्या आणि ती मात्र कोरडीच घासा, कारण ती पाणी पिते. मालवाहू गाडीला सगळे पोचे काढत बसू नये असं मला वाटतं, केबिनचे दिसणारे काढा आणि हौद्याचे सोडून द्या, पुढच्या फेरीला नवीन पडणारच आहेत.

किती कलर लागेल? आमचा हौदा दहा फुटी आहे. फाळके, बाजू आणि तळ, आतून-बाहेरून मिळून साधारण दोनशे चौरस फूट धरा. एक लिटर इनॅमल एका हातात शंभर चौरस फुटांच्या आसपास जातो, म्हणजे हौद्याला दोन हातांचे चार लिटर. केबिन बाहेरून शंभर-सव्वाशे फूट, तिला तीन पातळ हात पाहिजेत, म्हणून साडेतीन-चार लिटर. एकाच बॅचचे डबे घ्या आणि एका बादलीत एकत्र करा, नाहीतर दार आणि बोनेट वेगळं दिसतं. रंग निवडताना आरसी बुक बघा, त्यात लिहिलेल्यापेक्षा वेगळा मारायचा असेल तर आधी आरटीओत विचारून नोंद करून घ्या. लष्करी हिरवा तर आवडला तरी मारता येत नाही, तो संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवलेला आहे.

मारायची पद्धत अशी. चार इंची बारीक स्पंजचा रोलर घ्या, कलरमध्ये दहाव्या हिश्शाच्या आत टर्पेंटाइन घाला आणि गाळून घ्या, जुनी धुतलेली ओढणी गाळायला उत्तम. जमिनीवर पाणी मारा म्हणजे धूळ उठणार नाही, आणि पत्रा सावलीत पाहिजे, हात ठेवला की चटका बसत असेल तर थांबा. एकानं रोलरनी दोन-अडीच फुटाचा पट्टा भरायचा आणि दुसऱ्यानं लगेच मऊ ब्रशच्या नुसत्या टोकानं, दाब न देता, वरून खाली एकदाच फिरवायचं. बुडबुडे फुटतात आणि पाच-दहा मिनिटांत ब्रशचे फराटे आपोआप सपाट होतात. एकदा सोडलेल्या जागी परत हात लावायचा नाही, तिथंच फराटे पडतात.

पहिल्या हाताला खालचा प्रायमर दिसणारच, घाबरून जाड थर देऊ नका. इनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन वरून आत वाळत जातो, जाड मारला की दुधावर साय धरते तशी वर साय धरते आणि खाली ओलंच राहतं, मग सुरकुत्या आणि ओघळ. एक पातळ हात, रात्रभर वाळवणं, सकाळी ४००नी हलकं घासून पुसणं आणि मग पुढचा हात, एवढंच करायचंय पण घाई नको.

चासीला काळा मारताना चासी नंबरवर टेप लावा. फिटनेसला त्याची पेन्सिल प्रिंट काढतात, कलरनं अक्षरं भरली तर तिथं उभं राहून खरवडावं लागतं. ब्रेकचे रबरी पाइप, ग्रीसचे निप्पल आणि सायलेन्सर यांनाही कलर लागू देऊ नका. रिफ्लेक्टर टेप नवीन लावा, पुढं पांढरी आणि मागं लाल, आणि दारावरचं मालकाचं नाव-पत्ता परत लिहून घ्या. मागं हॉर्न ओके प्लीज लिहू नका, महाराष्ट्रात २०१५पासून त्याला बंदी आहे.

दोन-तीन दिवसांनी गाडी धंद्याला काढता येते, पण महिनाभर साबण, प्रेशरचं पाणी आणि स्टिकर लांब ठेवा, आतून कडक व्हायला तेवढा वेळ लागतोच. उरलेला कलर अर्ध्या डब्यात ठेवू नका, आतल्या हवेनं त्यावरही साय धरते. छोट्या काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून घट्ट झाकण लावा आणि एका जुन्या ब्रशबरोबर सीटमागं टाका, पहिला ओरखडा पडेल तेव्हा हाताशी असेल.