शॉट बारच्या वरून का जातो? नवशिक्यांनो, या चुका टाळा

गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत कुठल्याही मैदानावर सकाळी जा, फुटबॉल शिकणारी नवी पोरं एकच गोष्ट करताना दिसतील. लांबून धावत यायचं आणि जीव खाऊन बॉल हाणायचा. बहुतेक बॉल गोलच्या आडव्या बारच्या वरून जातात. दोन खांबांमध्ये 7.32 मीटर मोकळी जागा, बार 2.44 मीटर उंच, तरी बॉल वरूनच! मग पोरं मारणाऱ्या पायाला दोष देतात. चुकलेला असतो तो दुसरा, जमिनीवर टेकलेला पाय.

हा पाय बॉलच्या मागे पडला की अंग मागे कलतं, मारणारा पाय बॉलच्या खाली शिरतो आणि बॉल उडतो. टेकता पाय बॉलच्या शेजारी हवा, वीतभर अंतरावर, पंजा गोलच्या दिशेने. मारणाऱ्या पायाचा गुडघा बॉलवर, घोटा घट्ट, बोटं जमिनीकडे. बॉल लागला पाहिजे बुटाच्या लेसच्या जागी. नजर गोलवर नाही, बॉलवर.

एका पावसाळी स्पर्धेत आमच्या पोरांचा सामना बरोबरीत होता. काळी माती बुटांना चिकटून पाय उचलवत नव्हते. शेवटच्या मिनिटांत गोलकीपर खाली पडला आणि आमच्या स्ट्रायकरसमोर गोल रिकामा. त्याने हाणलेला बॉल थेट पलीकडे क्रिकेट खेळणाऱ्यांमध्ये जाऊन पडला. सामना संपल्यावर त्याचे वडील म्हणाले, "सर, बूट बदलू का? स्टड घसरतात याचे." मी दोघांना त्या जागेवर नेलं. मारणाऱ्या पायाने माती उकरली होती तिथून टेकत्या पायाचा ठसा चांगला हातभर मागे होता. ठसा खोल आणि स्वच्छ होता, घसरल्याची खूण नव्हती. बूट तेच राहिले.

दुसऱ्या दिवसापासून त्याला बॉलशेजारी चुन्याचा ठिपका काढून दिला. धाव दोनच पावलांची, टेकता पाय ठिपक्यावर, शॉट हळू. पाय न बघता ठिपक्यावर पडू लागेपर्यंत जोर लावायचा नाही. माझ्याकडे सगळे असेच शिकतात. चार दिवसांत कंटाळून पोरं व्हिडिओतली वळणारी फ्री किक मारायला जातात, तेव्हा मी बॉल काढून घेतो. साधा बॉल सरळ जात नसताना तो वळवायची घाई मला अजिबात पटत नाही.

बुटाच्या टोकाने मारू नका, बॉल कुठे जाईल याचा भरवसा नसतो. लहान मुलांना 5 नंबरचा बॉल देऊ नका. तो 410 ते 450 ग्रॅमचा असतो, त्यांना 4 नंबरचा पुरतो.

नियमांच्या काही चुका तर रोजच्याच. थ्रो-इनला, म्हणजे बाजूच्या रेषेवरून बॉल हाताने आत टाकताना, एक पाय उचलू नका. दोन्ही पायांचा काही भाग जमिनीवर हवा आणि बॉल दोन्ही हातांनी डोक्यामागून, डोक्यावरून यायला हवा. आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने दिलेला बॉल गोलकीपरने हातात घेऊ नये, हा नियम 1992 पासून आहे. आणि बॉल पूर्णपणे रेषेपलीकडे गेल्याशिवाय गोल नाही, निम्मा गेला म्हणून नाचू नका.

ऑफसाइडवरून मात्र दर रविवारी वाद होतात. सगळे बघतात बॉल मिळाला तेव्हा खेळाडू कुठे होता. बघायचं असतं साथीदाराने बॉल मारला त्या क्षणी. तेव्हा तुम्ही समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात, बॉलच्या पुढे आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असाल, तरच ऑफसाइड जागा. बरोबरीत असाल तर नाही. नुसतं तिथे उभं राहणं गुन्हा नाही, खेळात भाग घेतला तर शिट्टी. सरावात पास निघताक्षणी मी "थांब!" म्हणून ओरडतो. सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि पोरं स्वतःच रेषा बघतात. फळ्यावर समजावून हे कधी डोक्यात शिरत नाही. थ्रो-इन, कॉर्नर आणि गोलकिकवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतो, हे बाहेर उभ्या पालकांनीही ध्यानात ठेवावं, कारण सगळ्यात मोठा ओरडा तिथूनच होतो.