तो तयार नसला, तरी तुम्ही ग्रुप शोधा

घरात कुणी दारू पिणारं असलं की आपण त्याच्या होकाराची वाट बघत वर्षं काढतो. मी ऐरोलीत राहते. आमचे हे आता पीत नाहीत, त्यामुळे ओळखीच्या बायका हळूच बाजूला घेऊन विचारतात, ‘दारू सोडणाऱ्यांचा ग्रुप कुठे असतो गं, शोधायचा कसा?’ मी सगळ्यांना आधी एकच सांगते: त्याच्यासाठी शोधा, पण त्याच्याही आधी स्वतःसाठी शोधा.

ग्रुप दोन प्रकारचे असतात. पिणाऱ्यांसाठी अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए. अमेरिकेत १९३५ साली दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना सावरत ते सुरू केलं. आणि बायको, आई, भाऊ अशा घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन, १९५१ पासूनचं. तिथे नवऱ्याची दारू सोडवायची युक्ती मिळत नाही. बाटल्या हुडकणं, ‘ताप आलाय’ म्हणून त्याच्या ऑफिसात फोन करणं, त्याची उधारी गुपचूप फेडणं, हे सगळं आपण करतच का राहतो, यावर तिथे बोलणं होतं. मला तर तिथे बसल्यावरच पहिल्यांदा रात्रीची झोप लागायला लागली.

पत्ता मिळवायला एएच्या भारतातल्या संकेतस्थळावरून हेल्पलाइनचा नंबर घ्या आणि तो घरात नसताना निवांत फोन करा. दिवस आणि वेळ विचाराच, पण भाषाही विचारा. मीटिंग मराठीत आहे, हिंदीत की इंग्रजीत, यावर मन मोकळं होणं अवलंबून असतं. ओपन मीटिंग कधी असते तेही विचारा, कारण तिथे घरच्यांनाही बसता येतं. क्लोज्ड मीटिंग फक्त पिणाऱ्यांची. अल-अ‍ॅनॉनचा जवळचा ग्रुप कुठला, हे त्याच फोनवर विचारून घ्या. मीटिंग बऱ्याचदा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये असते आणि बाहेर मोठी पाटी असेलच असं नाही. म्हणून कुठलं गेट, कितवा मजला, हेही लिहून घ्या. एकटीला जायला धीर होत नसेल तर स्पष्ट सांगा, ‘स्टेशनवर कुणी ताई भेटतील का?’ यात लाजण्यासारखं काही नाही.

‘कुणी ओळखीचं दिसलं तर?’ ही भीती जवळजवळ प्रत्येकीला असते. आपल्याकडे त्यावर सोपा उपाय आहे. ठाण्यात राहत असाल तर वाशीकडचा ग्रुप विचारा, घणसोलीत राहत असाल तर ठाण्यातला. ट्रान्स-हार्बर लोकल आहेच. तिथे कुणी आडनाव विचारत नाही. फी नसते. शेवटी जागेच्या भाड्यासाठी आणि चहासाठी पैसे गोळा करतात, ते सभासदांचे सभासद देतात. नव्या माणसाने दिलेच पाहिजेत असं नाही. बोलायचीही सक्ती नसते. ग्रुपच्या नावावर कुणी डिपॉझिट मागितलं, किंवा ‘गाडी पाठवून माणूस उचलून नेतो’ म्हणालं, तर तिथून सरळ निघा.

एका मीटिंगवरून मात्र ठरवू नका. आमच्या ह्यांना पहिला ग्रुप अजिबात रुचला नव्हता, दुसरीकडे मात्र स्वतःच्या वयाची, कंपनीत पाळ्या केलेली माणसं भेटली आणि जीव रमला. प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा असतो. दोन-तीन ठिकाणी बसून बघा.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते. रोज भरपूर पिणाऱ्याला ‘आजपासून बंद’ म्हणून घरात कोंडू नका. दारू एकदम तुटली की हात थरथरतात, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भास होऊन माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो, आणि हे जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग ग्रुप. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय किंवा कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, इथे मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. फिट आली तर मात्र वाट न बघता जवळचं जे हॉस्पिटल असेल तिथे न्या. तसंच, लोकलच्या डब्यात ‘न सांगता दारू सोडवा’ अशी जाहिरात असलेल्या पुड्या भाजीत कालवू नका. दारू सोडवायच्या काही औषधांवर माणूस प्यायला तर उलट्या होतात, रक्तदाब झपकन खाली येतो. ती औषधं डॉक्टरांच्या देखरेखीत आणि त्याला सांगूनच द्यायची असतात.

कुणाला विचारावं हेच सुचत नसेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४४६. रात्री मन फारच सैरभैर झालं तर टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात उपचार झाले असतील, तर घरी आणतानाच ‘आमच्या भागात पाठपुरावा गट भरतो का’ हे तिथे विचारून ठेवा.

आणि गटारी जवळ आली, घरात लग्न निघालं, की त्या आठवड्यातल्या मीटिंगा आधीच ठरवून टाका. तरी तो प्यायलाच, तर त्या रात्री वाद घालू नका. ग्रुपमधल्या ताईंना फोन लावा, आणि दुसऱ्या दिवशी तो येवो न येवो, तुम्ही तुमच्या मीटिंगला जा.