बॅच फाइलनेच अ‍ॅडमिन अधिकार मागावेत, त्यासाठी

विंडोज व्हिस्टामध्ये यूझर अकाउंट कंट्रोल (मोठे बदल करण्याआधी परवानगी विचारणारी सोय) आले, तेव्हापासून अ‍ॅडमिन खात्यातून लॉगिन केले तरी डबल क्लिक केलेली बॅच फाइल (ओळीने आदेश लिहिलेली फाइल) साध्या वापरकर्त्याच्या अधिकारांनीच चालते. मग सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा प्रोग्राम) थांबवून पुन्हा सुरू करण्यासारखे काम ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ या ओळीवर अडते. राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडता येते. पण फाइल दुसऱ्याच्या हाती द्यायची असेल, तर हे अधिकार मागण्याची सोय फाइलमध्येच लिहून ठेवावी.

फाइलच्या सुरुवातीला ‘नेट सेशन’ हा आदेश द्यावा आणि त्याचे उत्तर पडद्यावर दिसू नये म्हणून ‘नल’कडे वळवावे. अधिकार असतील तर ‘एररलेव्हल’ (आदेश यशस्वी झाला की नाही हे सांगणारा आकडा) शून्य येतो आणि फाइल पुढे जाते. नसतील तर पॉवरशेल या विंडोजमधील आदेश-साधनाच्या ‘स्टार्ट-प्रोसेस’ला याच फाइलचा पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत द्यावा, ‘व्हर्ब’च्या जागी ‘रनअ‍ॅज’ लिहावे आणि लगेच ‘एक्झिट’ने मूळ प्रत बंद करावी. परवानगीची खिडकी येते, ‘येस’ म्हटले की फाइल नव्याने, पूर्ण अधिकारांसह सुरू होते. मात्र ‘सर्व्हर’ ही सर्व्हिस बंद असलेल्या संगणकावर अधिकार मिळूनही ‘नेट सेशन’ अपयशी ठरतो आणि फाइल स्वतःला पुन्हापुन्हा बोलावत राहते. म्हणून दुसऱ्यांदा सुरू करताना एखादा शब्द आर्ग्युमेंट म्हणून (फाइलच्या नावापुढे जोडून) सोबत पाठवावा. तो शब्द असूनही तपासणी फसली, तर संदेश दाखवून थांबावे.

खरा धोका यानंतर आहे. अधिकार मिळाल्यावर चालू फोल्डर बहुधा विंडोजमधील ‘सिस्टिम ३२’ असतो, फाइल ठेवलेला फोल्डर नव्हे. आपल्या फोल्डरमधील जुन्या लॉग फाइली पुसण्यासाठी ‘डेल’पुढे नुसते ‘तारा, टिंब, लॉग’ लिहिले असेल, तर तो आदेश तिथे, तेही पूर्ण अधिकारांनी चालेल. यासाठी तपासणीनंतरची पहिलीच ओळ ‘सीडी’, ‘स्लॅश डी’ आणि अवतरणचिन्हांत ‘टक्का, टिल्ड, डीपी, शून्य’ अशी असावी. तिने चालू फोल्डर पुन्हा फाइल ठेवलेलाच होतो. ही ओळ मी कधीही वगळत नाही. मॅप केलेले (अक्षर देऊन जोडलेले) नेटवर्क ड्राइव्हही वाढीव अधिकारांत बहुधा दिसत नाहीत, तिथे सर्व्हरचा पूर्ण पत्ता लिहावा.

रोज आपोआप चालणाऱ्या कामासाठी टास्क शेड्यूलर या ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या साधनामध्ये ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’ निवडावे, म्हणजे परवानगीची खिडकी येत नाही. मात्र अशी फाइल साध्या वापरकर्त्याला बदलता येईल अशा फोल्डरमध्ये मुळीच ठेवू नये, कारण तिच्यात एक ओळ वाढवणाऱ्याला तेच अधिकार आयते मिळतात.