वादळाआधीचे दोन दिवस : किनाऱ्यावरच्या वाडीवाल्यांसाठी

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा लागला की माड-पोफळीच्या (नारळ-सुपारीच्या) वाडीवाल्याने आणि आंबेवाल्याने रोज एकदा हवामान खात्याचं पत्रक बघायची सवय लावून घ्यावी. 2020 चं निसर्ग चक्रीवादळ आठवा. 31 मे ला अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र, 2 जूनला त्याचं चक्रीवादळ आणि 3 जूनला दुपारी ते दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर. म्हणजे हातात अडीच-तीन दिवस. त्यातला निम्मा वेळ आपण "ते गुजरातेत जाईल" म्हणण्यात घालवला.

मोबाईलवर वादळाची रेघ बघताना एक चूक सगळेच करतात. रेघ आपल्या गावावरून जात नाही म्हटलं की सुटकेचा श्वास. पण 24 तास आधीचा अंदाजसुद्धा सरासरी 70 किलोमीटरच्या आसपास चुकतो, आणि अलिबाग ते श्रीवर्धन सरळ रेषेत तेवढंच अंतर आहे. निसर्गच्या वेळी सगळ्यांच्या तोंडी अलिबागचं नाव होतं. म्हणून रेघ सोडा, तिच्या दोन्ही बाजूंचा फुगत गेलेला पट्टा बघा. त्यात आपला तालुका असेल तर तयारीला लागायचं. आणि पट्ट्यात नसलात तरी 2021 चं तौक्ते विसरू नका. ते कोकणात जमिनीवर आलंच नाही, समुद्रातूनच वर सरकलं, तरी देवगड-मालवणकडे झाडावरचा शेवटचा आंबा जमिनीवर आला.

आपल्याकडच्या किनाऱ्यावर वादळ जिथे घुसतं त्याच्या दक्षिणेकडच्या गावांना समुद्राकडून येणारा खारा वारा बसतो, आणि जास्त मार तिकडेच असतो. उत्तरेकडे वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. निसर्गमध्ये मुंबई वाचली आणि दापोली-मंडणगड झोपलं, त्यात या गोष्टीचा मोठा वाटा होता.

रेंज गेली की वाऱ्याकडे बघायचं. वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा आणि उजवा हात आडवा पसरा. वादळाचं केंद्र साधारण त्या हाताच्या दिशेला, थोडं मागच्या अंगाला असतं. वारा पूर्वेकडून दक्षिणेकडे आणि मग पश्चिमेकडे फिरत गेला तर वादळ आपल्या उत्तरेकडून चाललं आहे. पूर्वेकडून उत्तरेकडे फिरला तर दक्षिणेकडून. दिशा बदलत नाही आणि जोर मात्र वाढतोच आहे, तर ते थेट आपल्याकडे येतंय असं समजा. मग मध्येच अचानक सगळं शांत झालं, तर पडवीतून बाहेर पाऊल टाकू नका. ते केंद्र असतं. थोड्या वेळाने वारा उलट बाजूने येतो आणि एका बाजूने हललेली झाडं तेव्हा पडतात.

आता कामं. पत्रकात आपल्या जिल्ह्याचं नाव आलं की आधी पाणी बंद करा. झाडं तहानलेली वाटली तरी शिंपणं नको. भिजून सैल झालेल्या मातीत मुळांची पकड सुटते आणि पोफळ अख्खी उपटून येते. पाट आणि चर मोकळे करा. खत आणि फवारणी दोन्ही थांबवा, पहिल्या सरीबरोबर सगळं वाहून जाणार. खाजणात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत) शेत असेल तर उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, झडप बघून या, आणि त्या दिवशीची तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरतीच्या वेळी वादळ आलं तर खारं पाणी बांधावरून येतं, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती कमी चढते तेव्हा, धोका बराच कमी.

माडावरून तयार नारळ आणि वाळलेल्या झावळ्या उतरवून घ्या. सुटलेला नारळ वाऱ्यात कौलं फोडतो. मात्र हिरव्या झावळ्या सपासप तोडू नका. ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो आणि वादळातून वाचलेला माड पुढे त्याच्यामुळे जातो. हे काम माणसाला वर चढवून करायचं, तेव्हा ते आदल्या दिवशी दुपारीच संपवा. वारा सुरू झाल्यावर "एवढे चार माड राहिलेत" म्हणून पाडेकऱ्याला वर पाठवू नका. ते चार राहू द्या.

आंब्याचं गणित वेगळं. चौदा आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार) झालेला आंबा झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासह काढा. बारा आण्याचा मोह धरू नका, तो पिकतो पण चव धरत नाही आणि पुढच्या वर्षी गिऱ्हाईक आपल्याला ओळखत नाही. पाऊस सुरू झाला की तोडणी बंद, कारण ओल्या फळाला करपा आणि देठकूज पटकन लागते. वाऱ्याने पडलेला आंबा झाडावरून काढलेल्या आंब्याच्या अढीत कधीच मिसळू नका. वरून चांगला दिसतो, आत मुका मार असतो, चार दिवसांत त्याच्यासोबत शेजारचे दहा नासतात. पडीचा माल वेगळ्या क्रेटमध्ये, कच्चा असेल तर लोणच्याला, तयार असेल तर कॅनिंगला. कॅनिंगचा भाव त्या दिवसांत कोसळतो, हेही धरून चाला.

शेडनेट असेल तर कापड उतरवून गुंडाळा, सांगाडा वाचतो. विहिरीवरचा पंप वर काढा. गुरांना वाऱ्याच्या दिवशी दाव्याला बांधून ठेवू नका, गोठा मोठ्या झाडाखाली असेल तर आदल्या रात्रीच दुसरीकडे हलवा. पिण्याचं पाणी पिंपांत भरून ठेवा. निसर्गनंतर कित्येक गावांत महिनाभर वीज नव्हती, आणि पंपाशिवाय विहिरीतलं पाणी डोळ्यांना दिसतं पण दोणीत येत नाही.

एक काम आदल्या दिवशी कोणी करत नाही, ते मी आता दरवर्षी मे महिन्यात करतो. झाडं मोजतो. निसर्गनंतर चौथ्या दिवशी मी वाडीत सुतळी घेऊन फिरत होतो, दर दहा पडलेल्या पोफळींना एक गाठ. एकावर एक आडव्या पडलेल्या, कुठली कुठून आली कळत नव्हतं. वाडीच्या दुसऱ्या टोकाला पोचलो तर सुतळी संपली होती. पंचनाम्याला आलेल्यांनी विचारलं, "आधी किती होती?" मला सांगता येईना. म्हणून आता ओळीतल्या पहिल्या झाडावर चुन्याने आकडा, प्रत्येक ओळीचा तारखेसह फोटो आणि ई-पीक पाहणीत झाडांची खरी संख्या.

त्याहून मोठी अडचण सातबाऱ्याची. आपल्याकडे 15 गुंठ्यांची वाडी आणि उताऱ्यावर 20 नावं, त्यातली निम्मी मुंबईला. पैसे एका खात्यावर यायचे तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं, आणि वादळानंतर रेंज नसताना काकांना बोरिवलीला शोधणं जमत नाही. गणपतीला सगळे घरी येतात तेव्हाच सह्या घेऊन ठेवा. नुकसान 33 टक्के किंवा जास्त असेल तरच सरकारी मदत मिळते. निसर्गनंतर फळबागांची मदत हेक्टरी 50,000 रुपयांपर्यंत वाढवली होती, पण ती हेक्टरी आहे, आपला हिशोब गुंठ्यांचा. फळपीक विमा असेल तर अटी दरवर्षी वाचा, त्या बदलतात. कळवायची मुदत तासांत मोजलेली असेल तर ती नुकसान झाल्यापासून सुरू होते, रेंज आल्यापासून नाही.

वादळानंतर मोडलेली पोफळ वाचेल म्हणून थांबू नका. शेंडा गेला की पोफळ आणि माड दोन्ही संपले, त्यांना दुसरा कोंब नसतो. लहान माड नुसता कलंडला असेल तर आठवडाभरात उभा करून टेकू द्या आणि बुंध्याला मातीची भर घाला. आंब्याची फाटलेली फांदी करवतीने साफ कापून जखमेवर 10 टक्के बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची) लावा, नाहीतर खोडकिडा आत शिरतो. वाचलेल्या पोफळींवर कोळेरोगासाठी (कोवळी सुपारी कुजून गळते तो रोग) 1 टक्का बोर्डो मिश्रण, उघडीप मिळाली की लगेच.

आणि पडलेली माडाची खोडं वाडीच्या कोपऱ्यात रचून ठेवू नका, मग ती सरपणाला म्हणून का असेना. कुजत्या खोडात गेंड्या भुंग्याच्या अळ्या वाढतात आणि पुढच्या वर्षी तेच भुंगे उभ्या माडांच्या शेंड्यात घुसतात. फोटो आणि पंचनामा झाला की खोडं चिरून वाडीबाहेर काढा. शेणाच्या उकिरड्यातही महिन्यातून एकदा फावडं घाला. पांढऱ्या, जाड, वळलेल्या अळ्या सापडतील, कोंबड्यांना टाका.