पितळेतील तांबे मोजताना या चुका टाळा

पितळेतील तांब्याचे प्रमाण आयोडीनच्या टायट्रेशनने (ठरावीक शक्तीचे द्रावण थेंबाथेंबाने घालून मोजण्याने) काढण्याची पद्धत जुनी, कमी खर्चाची आणि भरवशाची असून, स्पेक्ट्रोमीटर न परवडणाऱ्या लहान ओतशाळांना आजही तिचाच आधार असतो. पितळ आम्लात विरघळवून त्यात पोटॅशियम आयोडाइड घातले की तांब्याचा पांढरट क्युप्रस आयोडाइड होऊन खाली बसतो आणि तांब्याच्या प्रमाणात आयोडीन मोकळे होते. ते आयोडीन हायपोने, म्हणजे सोडियम थायोसल्फेटने, मोजायचे. 0.1 नॉर्मल (द्रावणाच्या शक्तीचे एकक) हायपोचा प्रत्येक मिलिलिटर 6.355 मिलिग्रॅम तांब्याइतका असतो. इतक्या सरळ पद्धतीत आकडे चुकतात ते बहुतेक वेळा ब्युरेट (हायपो मोजून सोडायची खुणांची काचनळी) हातात घेण्याआधीच, आणि याच गोष्टीकडे नवशिक्यांचे लक्ष सर्वांत कमी जाते.

माझ्याकडे एकदा 58 टक्के तांबे अपेक्षित असलेल्या सळईच्या एकाच नमुन्याची तीन रीडिंग आली. तिन्ही आपापसांत 0.1 टक्क्याच्या आत जुळत होती आणि तिन्ही जवळजवळ एक टक्क्याने जास्त होती. रीडिंग जुळली म्हणून मी अहवालावर सही करणार होतो. परंतु टायट्रेशन संपल्यावर बाजूला ठेवलेले फ्लास्क पुन्हा निळे (स्टार्च आणि आयोडीन एकत्र आले की येणारा रंग) होत आहेत, हे सुदैवाने नजरेस पडले. नायट्रिक आम्लाची तपकिरी वाफ मी पूर्ण घालवलीच नव्हती. द्रावणात उरलेली नायट्रोजनची ऑक्साइडे आयोडाइडमधून स्वतःच आयोडीन मोकळे करतात आणि ते सारे तांब्याच्या खात्यावर जमा होते. तिन्ही फ्लास्क मी सारखाच वेळ उकळले होते, म्हणून तिघांत चूकही सारखीच शिरली होती.

यावर उपाय असा की पितळ विरघळल्यावर गंधकाम्ल घालून, दाट पांढरी वाफ येईपर्यंत फ्यूम हूडखाली तापवावे, द्रावण गार करावे आणि मगच बेताने पाणी घालावे. याचा दुसरा फायदा असा की सहज कापता येणाऱ्या पितळेत साधारण 3 टक्के असणारे शिसे सल्फेटच्या रूपाने वेगळे होते. नाहीतर पिवळ्या लेड आयोडाइडमुळे शेवटचा रंग ओळखणे अवघड जाते. तेवढा वेळ नसेल तर द्रावण चांगले उकळून त्यात थोडा युरिया घालावा आणि पुन्हा उकळावे. नायट्रिक आम्लात विरघळवताना तळाशी पांढरा गाळ राहिला, तर नमुन्यात कथिल आहे असे समजावे. हा गाळ तांबे धरून ठेवतो, त्यामुळे तो गाळून फेकून दिला की उत्तर कमी येते.

नमुना घेतानाची चूक मात्र पुढे कोणत्याही काळजीने भरून निघत नाही. शिसे पितळेत सगळीकडे सारखे पसरलेले नसते, म्हणून सळईच्या एकाच टोकाचा कीस न घेता पूर्ण छेदातून घ्यावा. वरची काळवंडलेली त्वचा आधी काढावी आणि ड्रिल सावकाश, तेलाशिवाय चालवावे. तेल लागलेच असेल तर कीस ॲसिटोनने धुऊन वाळवावा. हत्याराचे लोखंडाचे कण मिसळलेले असू शकतात, म्हणून कागदावर कीस पसरून त्यावरून लोहचुंबक फिरवल्याशिवाय मी वजन करत नाही.

पितळेतले मूळचे लोखंडही फेरिक रूपात आयोडाइडमधून आयोडीन सोडते आणि तांबे जास्त दाखवते. त्यासाठी अमोनियाने आम्ल जवळजवळ संपवून सुमारे 2 ग्रॅम अमोनियम बायफ्लोराइड घालतात. त्याने लोखंड बांधले जाते आणि पीएचही साडेतीनच्या आसपास स्थिरावते. पीएच 4 च्या वर गेले की अभिक्रिया रेंगाळते. आम्ल फार राहिले तर हवेतला ऑक्सिजन आयोडाइडवर काम करू लागतो. हे रसायन हातमोज्यांशिवाय हाताळू नये, कारण आम्लात त्यापासून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते आणि त्याची इजा लगेच जाणवत नाही.

आता ब्युरेटकडे. द्रावण गार असतानाच आयोडाइड घालावे, कारण गरम द्रावणातून आयोडीन उडून जाते. हायपो सोडत असताना तपकिरी रंग गवतासारखा फिकट पिवळा होईपर्यंत स्टार्चला हात लावू नये. दाट आयोडीनमध्ये स्टार्च लवकर पडला तर तो आयोडीन घट्ट धरून ठेवतो आणि रंग तुटता तुटत नाही. निळा फिका पडू लागला की पोटॅशियम थायोसायनेट घालून फ्लास्क जोराने हलवावा. क्युप्रस आयोडाइडच्या कणांनी पृष्ठभागावर धरलेले आयोडीन तेव्हा सुटते, निळा एकदम गडद होतो, आणि शेवटचे काही थेंब तिथून मोजावे लागतात. हे थायोसायनेट विसरले तर उत्तर कमी येते. सुरुवातीलाच घातले तर ते स्वतःच थोडे आयोडीन खाते. नमुना 0.25 ग्रॅमचा असेल तर 0.05 मिलिलिटरचा एक थेंब म्हणजे 0.13 टक्के तांबे, हे लक्षात ठेवले की शेवटी अर्धा थेंब काचेला टेकवून घेण्याचा कंटाळा येत नाही.

हायपो उकळून गार केलेल्या पाण्यात, चिमूटभर सोडियम कार्बोनेट घालून करावा आणि गडद रंगाच्या बाटलीत ठेवावा. त्याची शक्ती शुद्ध तांब्याच्या तारेवर, नमुन्याप्रमाणेच सर्व पायऱ्या करून ठरवावी, म्हणजे पद्धतीतली लहानसहान कसर दोन्हीकडे सारखी राहते. तारेवरचा ऑक्साइडचा थर विरल नायट्रिक आम्लात बुडवून, धुऊन, वाळवूनच तिचे वजन करावे.

शेवटची चूक हिशोबाची आहे. तांबे आणि शिसे काढून 100 तून वजा करायचे आणि उरलेले जस्त म्हणून लिहायचे, अशी सवय अनेक ठिकाणी दिसते. त्यामुळे तांब्यातली प्रत्येक चूक उलट्या चिन्हाने जस्तात लपते आणि बेरीज नेहमी 100 च येते. जस्त ईडीटीएने (धातूंना बांधून मोजणाऱ्या रसायनाने) वेगळे मोजावे. तिथे तांबे झाकण्यासाठी सायनाइड वापरणार असाल, तर द्रावण आधी अल्कधर्मी असल्याची खात्री करावी आणि ते फ्लास्क आम्लाच्या बेसिनमध्ये कधीही रिकामे करू नयेत, कारण आम्ल मिळताच त्यातून जीवघेणा हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो.